कडूबा पेंटरची फौज

भोकरदनच्या बसस्थानकासमोर, पंक्चरवाल्याला लागून, कडूबा पेंटरची टपरी होती. वर फळीवर त्यानं स्वतःच लिहिलं होतं, ‘नंबर प्लेट, दुकानाच्या पाट्या व ट्रॉलीची रंगरंगोटी सुबक करून मिळेल.’ त्यातला ‘सुबक’ त्यानं तीनदा लिहिला आणि दोनदा पुसला. लिहिला की वाटायचं, लोक म्हणतील, हा आपल्याच तोंडानं आपली तारीफ करतो. पुसला की वाटायचं, आता लोक समजतील, इथं ओबडधोबडच मिळतं. शेवटी पंक्चरवाला वैतागून म्हणाला, “कडूबा, ऱ्हाऊ दे आता तसंच, फळी झिजंल,” तेव्हा कुठं तो शब्द राहिला.

त्याच्या आईची आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून चौथ्याचं नाव कडूबा ठेवलं. कडू म्हटल्यावर यम तोंडात धरत नाही, असा आपल्याकडचा समज. यमानं धरलं नाही हे खरं, पण काळजीनं मात्र धरलं ते कायमचं. आईनं त्याला झाडावर चढू दिलं नाही, नदीत उतरू दिलं नाही, जत्रेत पाळण्यात बसू दिलं नाही. मोठेपणी आईला काही सांगावंच लागेना, तो स्वतःच स्वतःला अडवायचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. कडूबाला वैरी नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती.

हात मात्र देवानं दुसऱ्याच माणसाचा दिला होता. तोंडानं अडखळणारा हा गडी ब्रश धरला की एका दमात रेघ ओढायचा. खारीच्या शेपटीचे केस बांधून बारीक ब्रश तो घरीच करायचा. ट्रॉलीच्या फाळक्यावर मोर काढला तर मोराच्या डोळ्यात पांढरा ठिपका द्यायचा, तो ठिपका बघायला शेतकरी ट्रॅक्टर थांबवायचे. काम झालं की कडूबा विचारायचा, “बराबर झालं का?” गिऱ्हाईक म्हणायचं, “चाललं की.” त्या ‘चाललं’वर तो रात्रभर कूस बदलायचा.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात एक जीप पंक्चर होऊन त्याच्या टपरीपुढे थांबली. आत एक गोरा साहेब होता, नाव बॅरेट. असईचं रणांगण बघून परत निघाला होता. आपल्या या असईच्या शिवारात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या रानात, अठराशे तीन साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली. आपण हरलो. जिंकणारा इंग्रज सेनापती पुढं विलायतेकडे गेला आणि त्यानं नेपोलियनला हरवलं. त्यामुळं तिकडच्या लोकांना असई पाठ आहे. आपल्याकडं तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. हरलेल्या लढाईचा उरूस कोण भरवणार?

साहेब जीपमधून उतरला आणि कडूबाच्या पाठीशी उभा राहून मोराचा डोळा बघत बसला. मग त्यानं खिशातून एक छोटी डबी काढली. डबीत करंगळीच्या दोन पेरांएवढा एक धातूचा सैनिक होता, रंग न दिलेला, राखाडी. सोबत एक चित्र होतं, त्यात तोच सैनिक निळ्या कोटात, छातीवर पांढरे पट्टे, खांद्यावर लाल झुपके. साहेबानं खुणेनं विचारलं, जमेल? कडूबाला वाटलं, नाही म्हणावं तर साहेब हसेल, हो म्हणावं तर बिघडेल. पण हातानं त्याला न विचारताच सैनिक उचलला होता. ट्यूब काढून, ठिगळ लावून, हवा भरून होईपर्यंत कडूबानं तो सैनिक रंगवला. कोटाची बटणं मोहरीच्या दाण्याहून लहान होती, तीही पिवळी केली.

साहेबानं भिंग काढलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “गुड.”

कडूबाला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘गुड’ येत होतं. चाळिशीला आलेल्या माणसाला आजवर ते कुणी म्हटलं नव्हतं.

तिथून वीस वर्षांचं लचांड सुरू झालं. दर वर्षी दिवाळीच्या आसपास विलायतेहून एक पार्सल यायचं, त्यात कागदात गुंडाळलेले दोनशे-अडीचशे सैनिक, रंगांच्या इवल्या डब्या आणि कुठल्या पलटणीची कॉलर कुठल्या रंगाची याचे तक्ते. साहेब पत्रात लिहायचा की निम्मे रंगवून पाठवा, निम्मे तुमचे. पत्र वाचायला हायस्कुलात इतिहास शिकवणारे रामराव सर होते. तिकडं डॉक्टर, वकील, प्रोफेसर असली माणसं अशा फौजा रंगवतात, टेबलावर मांडतात आणि जुन्या लढाया फासे टाकून पुन्हा खेळतात, असं सरांनी समजावून सांगितलं. कडूबाची बायको झुंबरबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “म्हंजी म्हातारपनी बाहुला-बाहुलीच की ओ सर.” सर हसले, कडूबा हसला नाही. एका पलटणीची कॉलर केशरी की पिवळी, हे तक्त्यात नीट दिसत नव्हतं, आणि तो तीन दिवस त्यातच होता.

अशा रीतीनं नेपोलियन कोण, कुठला, हे धड माहीत नसताना नेपोलियनची आख्खी फौज भोकरदनच्या एका दोन खोल्यांच्या घरात उभी राहिली. टपरीसमोरच्या ओळीत घड्याळं दुरुस्त करणारा अलीम त्याचा जिवाभावाचा दोस्त. त्यानं डोळ्याला लावायचं भिंग आणि घड्याळाचा चिमटा दिला. प्रत्येक चार सैनिकांना एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवायचं, त्यावर गोंद लावून वाळू, माती, गवताचा भुसा टाकायचा, म्हणजे ते जमिनीवर उभे असल्यासारखे दिसतात. त्या पुठ्ठ्याला झुंबरबाई पाट म्हणायची, जेवायला बसवल्यासारखा. मग सगळे पाटच म्हणू लागले.

साहेबानं एकदा लिहिलं होतं, तुमचे सैनिक सुंदर असतात, पण सगळ्यांचे चेहरे घरी काहीतरी उघडं टाकून आल्यासारखे का असतात? सरांनी हे वाचल्यावर अलीम इतका हसला की त्याच्या डोळ्यातलं भिंग चहात पडलं. कडूबाला मात्र ते लागलं. पुढच्या खेपेला त्यानं जिवणी वर वळवून बघितली. ते घाबरून हसल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा त्यानं तो नाद सोडला.

रंगवलेले सैनिक पाठवले की उत्तर यायला तीन महिने लागत. ते तीन महिने कडूबा पोस्टमनला बघून उठून उभा राहायचा. पत्र आलं की सरांना म्हणायचा, “सर, बाकीचं मंग वाचा. आधी गुड हाय का बघा.” एकदा पत्रात गुड नव्हता, ‘एक्सलंट’ होता. त्याचा अर्थ सरांनी सांगेपर्यंत कडूबा पांढराफटक पडला होता. आयुष्यात त्याची एकच कमाई होती, साता समुद्रापलीकडच्या एका माणसाच्या डोळ्याला आपला हात पसंत आहे, ही. ती कधीही हातची जाईल, असं त्याला रोज वाटायचं.

शहाण्णव साली साहेबाचं पत्र आलं ते वेगळंच. दोन हजार तीनच्या तेवीस सप्टेंबरला असईच्या लढाईला दोनशे वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी आपण दोघांनी मिळून असई मांडायची. इंग्रजांची फौज मी रंगवतो, शिंद्यांची तुम्ही रंगवा. मी माझी घेऊन तुमच्या घरी येतो आणि एका टेबलावर दोन्ही समोरासमोर ठेवू.

झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. फ्रेंचांचे तक्ते होते, शिंद्यांच्या पलटणींचे रंग कुणाला खात्रीनं ठाऊक? सरांनी संभाजीनगरच्या वाचनालयात जाऊन जेवढं मिळालं तेवढं आणलं, आणि स्पष्टच सांगितलं, “कडूबा, यातलं पक्कं काही नाही.” पक्कं काही नाही म्हटल्यावर कडूबाची झोपच उडाली. मेलेल्या माणसाच्या अंगावर चुकीचा कोट घातला तर तो कुणाकडं दाद मागणार, असं तो म्हणायचा. सात वर्षं तो खपला. बाजाराच्या दिवशी टेंभुर्णीकडून आलेल्या माणसांच्या पागोट्यांचे पीळ बघायचा आणि ते सैनिकांच्या डोक्यावर चढवायचा. तीनशे साठ सैनिक, नव्वद पाट. त्यात शेवटच्या दोन-तीन वर्षांत जालन्याला यंत्रावर छापलेले फ्लेक्स निघू लागले, आणि पाट्या रंगवून घेणारे एकेक करून तिकडं वळले. टपरीत काम उरलं नाही तसा वेळ उरला, आणि कडूबा जास्तच त्या फौजेत शिरला. आता हात दाखवायला जागा एवढीच होती.

साहेबाची पत्रं नव्याण्णवपासून हातानं लिहिलेली यायची बंद झाली, टाईप करून यायला लागली. कडूबाच्या मनात आलं, आपलं काही चुकलं असेल, साहेबानं अंतर ठेवलं. “अरे, म्हातारा झाला, हात दुखत असेल,” अलीम म्हणाला. ते कडूबाला पटलं, पण चार दिवसांनी पुन्हा पटेनासं झालं. पत्रात दर वेळी एक ओळ असायची की माझी इंग्रज फौज छान आकार घेते आहे. ती ऐकली की कडूबाला वाटायचं, त्या फौजेशेजारी आपली गबाळी दिसणार.

म्हणूनच दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्यानं एक धाडस केलं. साहेब विलायतेत पाटांवर विकतची वाळू टाकतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं सरांना लिहायला लावलं, ‘माझ्या प्रत्येक सैनिकाच्या पायाखाली खुद्द असईच्या रानातली माती असेल.’ साहेबाचं उत्तर उलट टपाली आलं. ही ओळ मी माझ्या फौजा मांडणाऱ्यांच्या मंडळात सगळ्यांना ऐकवली, सगळे उभे राहिले, असं त्यात होतं. उभे का राहिले, हे कडूबाला समजलं नाही, पण छाती दोन बोटं फुगली.

आषाढात तो बसनं असईला गेला. एका शेतकऱ्याला विचारून बांधालगतची थैलीभर काळी माती आणली. “ने की, कितीबी ने,” शेतकरी म्हणाला, “पन हिचं करनार काय?” कडूबा लाजून म्हणाला, “फौज उभी करून राह्यलो.” शेतकऱ्यानं पुढं विचारलं नाही.

श्रावणात, पावसाची झड लागलेली असताना, त्यानं ती माती फेव्हिकॉलात कालवून नव्वदच्या नव्वद पाटांवर भाकरीच्या जाडीची थापली, तीत सैनिकांचे पाय रोवले आणि सगळे पाट पत्र्याच्या दोन पेट्यांत लावून ठेवले. पेट्या पलंगाखाली गेल्या. रोज उघडून बघायचा मोह व्हायचा, पण धूळ बसेल या धास्तीनं त्यानं महिनाभर झाकण उचललं नाही. काळजीच्या पोटी माणूस काय काय करत नाही, आणि नेमकं जे करायला पाहिजे ते सोडून सगळं करतो.

अठरा सप्टेंबरला, गुरुवारी, साहेब यायला पाच दिवस राहिले असताना, त्यानं पेट्या बाहेर काढल्या. भादव्याचं ऊन चांगलंच तापलं होतं. झाकण उघडलं आणि तो तसाच बसून राहिला.

काळी माती वाळून आकसली होती. एकेका पाटाला नख जाईल अशा भेगा पडल्या होत्या, पुठ्ठे वाळल्या पापडासारखे वर वळले होते, आणि सैनिक कुणी पाठीवर, कुणी तोंडावर, कुणी शेजाऱ्याच्या अंगावर कलले होते. काहींचे पाय मातीतच राहून वरचा माणूस निराळा झाला होता. झुंबरबाई पदराला हात पुसत आली, पेटीत वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“काळी लावली व्हय तुमी?”

“असईची हाय ती,” कडूबा कसाबसा म्हणाला.

“असईची असू न्हाई तर काशीची. काळीत घर कोन बांधतं? आमच्या केदारखेड्यात शेंबडं पोरगं बी सांगंल, काळी पिकाला अन् पांढरी भिंतीला. पावसात फुगती, उन्हात फाटती. सारा जलम हितं गेला तुमचा, येवढं ठावं न्हाई?”

ठाऊक होतं. तेच तर होतं. भोकरदन तालुक्यात जन्मलेल्या माणसाला हे ठाऊक नसणं म्हणजे माशाला पाणी ठाऊक नसण्यासारखं. पण त्याच्या मनात घर नव्हतंच, मनात असई होती, आणि साहेबाच्या मंडळात उभे राहिलेले लोक होते. कडूबानं डोकं गुडघ्यात घातलं. “त्याह्यला कळवा,” तो म्हणाला, “म्हनाव येऊ नका. म्हनाव कडूबा आजारी हाय.”

झुंबरबाईनं अलीमला हाक मारली. अलीम दुकान तसंच टाकून आला, पेटी बघितली आणि आधी तांब्याभर पाणी कडूबाच्या हातात दिलं. “पी. जल्दी-जल्दीत हात लावशील तर उरले ते बी तोडशील. माणसं किती मोडली, ते आधी मोजू.” मोजली तर अकरा घोट्यात मोडली होती. बाकीची धड होती, फक्त त्यांना जमीन नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं झुंबरबाई माहेरी केदारखेड्याला गेली. तिच्या भावाचा गुरांचा जुना कोठा पावसाळ्यात बसला होता, त्याच्या भिंतीची पांढरी माती तिनं गोणीत भरली आणि दुपारच्या बसनं परत आली. कंडक्टरनं विचारलं, गोणीत काय? म्हणाली, “माती.” त्याला वाटलं, बाई सांगायची नाही, म्हणून त्यानं दोनदा दाबून बघितली.

ती परत येईपर्यंत दोघा दोस्तांनी पाट फोडायला घेतले होते. अलीम चिमट्यानं सैनिकाला घोट्यापाशी धरायचा, कडूबा पातळ पात्यानं पायाखालची माती खरवडायचा. मोडलेल्या अकरा जणांच्या पायांत अलीमनं सुईनं भोक पाडून घड्याळाच्या तारेचे तुकडे बसवले. झुंबरबाईनं पांढरी लुगड्याच्या तुकड्यातून गाळून पिठासारखी केली. मधेच तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, “पित्तराचा पंधरवडा हाय. नवं काही धरू न्हाई म्हंतात.”

कडूबाचा हात जागच्या जागी थांबला.

“पन ह्यात नवं काय हाय?” तिनंच पुढं म्हटलं. “दोनशे वर्सांखाली मेलेलीच मानसं हायेत ना? बसवा गपगुमान.”

शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवसांत तिघांनी नव्वद पाट नव्यानं केले. माती कागदासारखी पातळ द्यायची, सावलीत पंख्याखाली वाळू द्यायची, मग दुसरा हात. पांढरी शहाण्यासारखी बसली, एक भेग नाही. पण रंगानं ती फिकट, राखेसारखी, आणि असईचं रान काळंभोर. साहेब रान बघून गेलेला. कडूबानं काळ्यात थोडा तपकिरी मिसळून पातळ हात फिरवला, आणि डोळ्यांना ती हुबेहूब काळी दिसायला लागली. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपण काय केलं.

“झुंबर, म्या त्याह्यला लिव्हलं की असईची माती हाय.”

“मंग?”

“ही तर तुझ्या भावाच्या कोठ्याची हाय.”

“रंगाऱ्यानं रंग दिला तर ती काय चोरी झाली?” ती म्हणाली. “त्यो काय चाटून बघनार हाय?”

बिनतोड बोलली. पण कडूबाला बरं वाटलं नाही. आधी एकच भीती होती, की साहेबाला काम आवडणार नाही. आता दुसरी आली, की आवडेल, आणि ते खोट्यावर आवडेल.

मंगळवारी सकाळी दोन खाटांवर दाराच्या फळ्या टाकून त्यांनी टेबल केलं. त्यावर हिरव्या-काळ्या रंगाचं जुनं कापड, निळ्या चिंधीच्या दोन नद्या. नव्वद पाट ओळीनं लागले. पागोटी, लाल-निळे कोट, पितळी तोफा, जू मानेवर घेतलेले बैल. दारातनं ऊन आत आलं तशी सगळी फौज उजळली. कडूबा कोपऱ्यातल्या एका सैनिकाच्या मिशीला शेवटचा हात देत होता, तेवढ्यात बाहेर जीप वाजली.

रामराव सर पुढं आले. त्यांच्यामागं एका मध्यमवयीन बाईच्या कोपराला धरून साहेब आले. केस पांढरे झालेले, अंग वाळलेलं. ती बाई साहेबांची पुतणी होती. उंबऱ्यापाशी ती काहीतरी हळूच बोलली, तेव्हा त्यांनी पाय उंच उचलला. कडूबानं हात जोडले. साहेबांनीही हात जोडले, पण कडूबाकडं नाही, त्याच्या उजवीकडं, जिथं भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं.

कडूबाला आधी वाटलं, साहेब नाराज आहेत. मग त्यानं त्यांच्या डोळ्यांकडं नीट बघितलं. आयुष्यभर डोळे रंगवणाऱ्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही. त्या डोळ्यांत उजेड जात होता, पण काही पोचत नव्हतं.

सरांनी खालच्या आवाजात सांगितलं. चार वर्षांपासून दिसणं कमी कमी होत गेलं, वर्षापासून जवळजवळ काहीच नाही. पत्रं पुतणी टाईप करायची.

वीस वर्षं कडूबा हजार गोष्टींना भ्याला होता. पार्सल हरवेल, रंग उडेल, साहेब रागावेल, साहेब मरेल. ही एक गोष्ट त्याच्या मनात कधी आली नव्हती. जगात एकच डोळा त्याचं काम ओळखणारा होता, आणि तो डोळा आज त्याच्या घरात, त्याच्या फौजेपुढं उभा होता, आणि त्याला भिंत आणि फौज सारखीच होती. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि घरात पाहुणा आहे म्हणून तो रडला नाही.

साहेबांनी हात पुढं केला. कडूबानं एक पाट उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवला. साहेबांचं बोट हळूच पागोट्यावरून गेलं, बंदुकीवरून गेलं, कोटाच्या बटणांवर थांबलं.

“सर, सांगा त्याह्यला,” कडूबा म्हणाला. “पागोटं पिवळं हाय, झेंडूवानी. कोट लाल, मळका. बटनं पितळी. त्या कडंच्याची मिशी अलीमची हाय.” सर इंग्रजीत सांगत गेले. साहेब मान हलवत होते, मधूनच हसत होते. अख्खी पहिली ओळ कडूबानं अशी त्यांना ऐकवली. तो एका दमात एवढं कधीच बोलला नव्हता.

मग साहेबांचा अंगठा पाटावर, मातीवर आला. त्यांनी ती अलगद चोळली, आणि चेहरा एकदम मऊ झाला. ते काही बोलले. सरांनी कडूबाकडं बघितलं. “म्हणतात, ही असईची माती, नाही का?”

सरांच्या तोंडात ‘येस’ तयार होता, तो दिसत होता. झुंबरबाई डोळ्यांनी ‘हो म्हना’ सांगत होती. कोण बघणार होतं? आंधळ्या माणसाला आनंद होत होता, त्यात कुणाचं काय जात होतं?

“न्हाई,” कडूबा म्हणाला. “असईची काळी व्हती, ती फाटली. समदी फौज पडली. ही माझ्या बायकूच्या माहेरची पांढरी हाय, गुरांच्या कोठ्याची. वरून काळा रंग म्या दिला. तुमाला दिसत न्हाई म्हनून म्या खोटं बोलनार न्हाई.”

सरांनी घुटमळत घुटमळत ते सगळं सांगितलं. साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी पुतणीला खूण केली. तिनं एक लाकडी पेटी आणून टेबलावर ठेवली. कडूबानं छाती धरून बघितलं. ज्या फौजेशेजारी आपली गबाळी दिसेल म्हणून तो सात वर्षं झुरला, ती ही.

साहेबांनी स्वतः कडी चाचपून झाकण उघडलं. आत कापसात ओळीनं इंग्रज सैनिक होते, शंभर-सव्वाशे, सगळे राखाडी. एकालाही रंगाचं बोट लागलेलं नव्हतं.

“म्हणतात,” सर सांगू लागले, “फौज आकार घेते आहे असं मी तुम्हाला लिहीत आलो, ते खोटं होतं. सुरुवातीला, उद्या करू, उद्या करू, असं करत वेळ गेला. मग डोळे गेले. खरं सांगितलं असतं तर तुम्हीही तुमचं काम थांबवलं असतं, असं मला भय वाटलं. तुमचं थांबलं असतं तर माझ्याकडं काही उरलं नसतं.”

कडूबानं पेटीतला एक सैनिक उचलला. उजेडाकडं फिरवला, साच्याची कड नखानं खरवडून बघितली. मग खाली बसून त्यानं ब्रश धुतला.

“त्याह्यला विचारा सर, इंग्रजाच्या कोटाचा लाल कोनता? कुंकवावानी का विटेवानी?”

साहेब खाटेच्या कडेला बसले आणि सांगू लागले. लाल कसा, उन्हात फिकटलेला, कॉलर कुठली, पट्टे कसे. त्यांना सगळं पाठ होतं. सर सांगत होते, अलीम डब्या उघडत होता आणि कडूबा रंगवत होता. पाच दिवस धड न झोपलेल्या त्याच्या हातात कंप नव्हता. झुंबरबाईनं दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा तो निवला. दुपार कलली तेव्हा एक इंग्रज पुरा झाला होता. कडूबानं त्याला शिंद्यांच्या फौजेसमोर, निळ्या चिंधीच्या पलीकडं, एकटाच उभा केला.

साहेबांनी विचारलं, कसा झाला?

कडूबानं सवयीनं मान वर केली, कुणी सांगेल म्हणून. सर त्याच्याकडंच बघत होते. अलीमही. सैनिक बघून काही सांगेल असं दुसरं कुणी त्या खोलीत नव्हतं. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि तो सैनिक नीट, सगळ्या बाजूंनी बघितला.

“चांगला झालाय,” कडूबा म्हणाला.